कामावरून काढलं, तोंड बंद ठेवायला सांगितलं: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कामगारांसाठी कायद्याचा धागा

काळा_कोट | 12 ऑक्टोबर 2025

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वकिली करतो आणि फक्त कामगारांच्या बाजूनं उभा राहतो. उद्यमबागेतल्या फौंड्र्या, मच्छे-होनग्याची मशीन शॉप, वडगाव-खासबागचे माग, खडेबाजारातली कापड दुकानं, खासगी शाळा, दवाखाने, सगळीकडची माणसं येतात. बरीच जण येतात तेव्हा राजीनाम्यावर सही होऊन गेलेली असते. म्हणून हा धागा काढतोय.

तर पहिली गोष्ट तीच. "राजीनामा दे, नाहीतर चोरीची केस घालतो, हिशेब अडकवतो," असं म्हणून केबिनमध्ये बसवून ठेवतात. सही करू नका. ज्याला काढलं त्याला नोटीस, भरपाई, चौकशी असं सगळं मागता येतं. जो स्वतःहून सोडून गेला त्याला यातलं काहीच मिळत नाही, त्यामुळे मालकाला तुमची सही हवी असते. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी "माझ्याकडून जबरदस्तीनं सही घेतली आहे, मी कामावर यायला तयार आहे" असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. महिन्याभरानं पाठवलेल्या पत्रावर न्यायालयाचा विश्वास बसवणं फार अवघड जातं.

गेटवर अडवलं तर घरी जाऊन गप्प बसू नका. "आज सकाळच्या पाळीला आलो होतो, वॉचमननं आत सोडलं नाही," हेही त्याच दिवशी लिहून पाठवा. मालकाचा पहिला बचाव ठरलेला असतो: आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.

आता 240 दिवसांबद्दल. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस काम झालेल्या माणसाला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार दिल्याशिवाय कमी करता येत नाही. पण 240 दिवस भरले हे सिद्ध कोण करणार? कर्नाटकातल्याच एका वनखात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली सांगितलं की ते ओझं कामगारावर आहे, नुसतं शपथपत्र पुरणार नाही. 2005 च्या निकालात थोडा दिलासा मिळाला: कामगारानं साक्षीला उभं राहून मालकाकडचं हजेरीपुस्तक, पगारपत्रक मागवलं आणि मालकानं ते दडवलं, तर न्यायालय त्यावरून मालकाच्या विरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून पगारचिठ्ठी, गेट पास, ईएसआयचा नंबर, फंडाचं पासबुक, सुपरवायझरनं व्हॉट्सॲपवर टाकलेली पाळीची यादी, जे असेल ते नोकरीत असतानाच साठवायला लागा.

प्रश्न विचारा. कंपनीचं नाव, माणसाचं नाव इथं लिहू नका.

उद्यमबाग_मोल्डर | 12 ऑक्टोबर 2025

सर, मी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. बारा वर्षं झाली. दर अकरा महिन्यांनी कंत्राटदार बदलतोय, खरं आम्ही तेच, मशीन तेच, साहेब तेच. गेल्या महिन्यात फंडाचं बघितलो तर पगारातून कापलेत आणि खात्यावर जमाच नाही. ऑफिसात विचारलो. दुसऱ्या दिवसापासून मला फेटलिंगला (ओतलेला माल घासायच्या कामाला) टाकलेत, आणि आता म्हणतात उद्यापासून येऊ नको, हिशेब घेऊन जा. सही अजून केलो नाही. काय करू?

काळा_कोट | 12 ऑक्टोबर 2025

सही केली नाहीत हे फार चांगलं झालं. उद्या पाळीच्या वेळेला गेटवर जायचंच. आत घेतलं तर काम करा, नाही घेतलं तर वर लिहिलंय तसं पत्र टाका.

फंडाचं वेगळं बघू. पगारातून कापलेला फंड न भरणं हा नुसता उशीर धरला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 च्या स्पष्टीकरणात, पूर्वी दंड संहितेच्या 405 मध्ये, याला विश्वासघाताचा गुन्हा मानलं आहे. पगारचिठ्ठीवर कपात दिसते आणि पासबुकात त्या महिन्याची ओळच नाही, हे दोन कागद शेजारी ठेवले की पुरावा झाला. फंड कार्यालयात लेखी तक्रार द्या. तिथं कलम 7-अ खाली चौकशी लागते आणि मालकाला रेकॉर्ड घेऊन हजर व्हावं लागतं. कंत्राटदार पळाला तरी मूळ कंपनी सुटत नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, असं स्पष्ट आहे.

ग्रॅच्युइटीही विसरू नका. कंत्राटदाराची नावं बदलली म्हणून तुमची बारा वर्षं पुसली जात नाहीत. काम, जागा आणि देखरेख तीच होती हे दाखवायचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 13,000 असेल, तर त्याला 26 नं भागून 15 नं गुणायचं, 7,500 आले. गुणिले 12 वर्षं, म्हणजे 90,000 रुपये. "हिशेब" म्हणून पाकिटात काय घालून देतायत ते याच्याशी ताडून बघा.

रात्रपाळी | 13 ऑक्टोबर 2025

मी एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे. नाव-गाव सांगत नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या सरकारी उपचार योजनेच्या पेशंटच्या नावावर न केलेल्या तपासण्या, न दिलेली औषधं लावली जातात. मला चार्टवर सही करायला सांगतात. दोनदा नाही म्हटलं. आता माझ्या रजा अडवतात, ड्युटी रात्रीचीच लावतात, आणि मेट्रन सगळ्यांदेखत "हिला जास्त कळतंय" म्हणतात. मला नोकरी हवी आहे. घरात मी एकटी कमावती आहे. पण खोट्या चार्टवर सही केली तर उद्या मीच अडकणार. कुठं सांगू? माझं नाव बाहेर पडलं तर?

काळा_कोट | 13 ऑक्टोबर 2025

ताई, तुमच्या प्रश्नाला सावकाश उत्तर देतो, कारण यात घाईनं माणसं जास्त अडकतात.

आधी खरी परिस्थिती सांगतो. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं 2014 साली केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करण्याची अधिसूचना सरकारनं काढलेलीच नाही. आणि तो लागू झाला असता तरी सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता होता. मागणी कुठून आली तेही आपल्याला जवळचं आहे. निपाणी-बेळगाववरून जाणारा आपला हायवे ज्या सुवर्ण चतुष्कोनात येतो, त्याच प्रकल्पातल्या बिहारमधल्या कामातली लूट सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं पंतप्रधान कार्यालयाला कळवली होती, नाव गुप्त ठेवा असं सांगून. नाव गुप्त राहिलं नाही. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. दोन वर्षांनी आपल्या कर्नाटकचा मंजुनाथ षण्मुगम, इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी, भेसळीचे पंप पकडायचा, उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला मारला गेला. दुबेंनंतर 2004 मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्तपणे तक्रार करण्याची सोय झाली, पण ती केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरती. खासगी दवाखान्याला ती लागू नाही. कंपनी कायद्याच्या कलम 177 खाली शेअर बाजारात नोंदलेल्या, ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून 50 कोटींच्या वर कर्ज घेतलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावी लागते. तुमचा दवाखाना त्यात बसतो का ते बघू.

म्हणजे डोक्यावर तयार छप्पर नाही, ते कागदांनी आपणच उभं करायचं. कसं ते सांगतो.

मूळ कागद, पेशंटची फाईल, काही घरी न्यायचं नाही. एक पान जरी पर्समध्ये सापडलं तरी चोरीचा आणि रुग्णाची माहिती फोडल्याचा आरोप येतो, आणि मग चर्चा घोटाळ्याची न होता तुमचीच होते. त्याऐवजी साधी वही करा. तारीख, पाळी, वॉर्ड, कुणी काय करायला सांगितलं, तुम्ही काय उत्तर दिलं. रोज, त्याच दिवशी, एकाच शाईत सजवून लिहायच्या फंदात न पडता. मालकाच्या वकिलाला उलटतपासणीत अशी वही मोडणं फार जड जातं.

मग वरिष्ठांना लेखी कळवा, आरोप न करता: "अमुक तारखेला अमुक चार्टवर सही करण्यास सांगण्यात आले. ती प्रक्रिया माझ्या पाळीत झालेली नसल्यामुळे मी सही करू शकत नाही." एवढंच. पोच घ्या, पोच देत नसतील तर ईमेल करा. यामुळे उद्या प्रकरण फुटलं तर तुम्ही आरोपीच्या रांगेत उभ्या राहणार नाही. योजनेचा पैसा सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत येतो, तक्रार तिकडे करायची. ती कशी मांडायची हे इथं न लिहिता समोर बसून बोलू.

आणि रजा, ड्युटी, छळ यावर स्वतंत्र अर्ज कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे. याचा फायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 33 सांगतं की समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी निगडित कारणावरून, अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय, कामगाराला काढता येत नाही की त्याच्या नोकरीच्या अटी बदलता येत नाहीत. त्याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, औद्योगिक वादाच्या कार्यवाहीत मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून काढणं हे अनुचित कामगार प्रथेत धरलं आहे. कामावरून काढण्याच्या आधी वाद दाखल झाला तरच ही ढाल मिळते. म्हणून थांबू नका.

खडेबाजार | 13 ऑक्टोबर 2025

मुलगी साडीच्या दुकानात आहे. फॅक्टरी नाही, युनियन नाही. आम्हाला काही आहे का?

काळा_कोट | 13 ऑक्टोबर 2025

आहे. 1961 चा कर्नाटक दुकाने व आस्थापना कायदा, कलम 39. सहा महिने सलग काम झालं असेल तर योग्य कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही, आणि काढल्यास अपील आहे. छेडछाडीचं काही असेल तर तेही सांगा. दहाहून कमी माणसांच्या दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत.

छोटा_उद्योजक | 14 ऑक्टोबर 2025

दुसरी बाजूही ऐका. माझं पंधरा माणसांचं मशीन शॉप आहे. मोठ्या कंपन्या आमचं बिल 120 दिवसांनी देतात. ऑर्डर थांबली की पगार कुठून काढायचा? धागा वाचून वाटतंय की प्रत्येक मालक चोर आहे.

काळा_कोट | 14 ऑक्टोबर 2025

साहेब, मी तसं लिहिलेलं नाही आणि मला तसं वाटतही नाही. बेळगावची हायड्रॉलिक आणि फौंड्रीची ख्याती तुमच्यासारख्या लहान युनिटांनी उभी केली आहे. पण ऑर्डर नसेल तेव्हा माणूस कमी करायचा कायदेशीर रस्ता आहे: नोटीस, दर वर्षाला 15 दिवसांची भरपाई, शेवटी आलेला आधी कमी. चार वर्षांच्या माणसाला दोन महिन्यांचा पगार होतो. तो वाचवण्यासाठी खोटा राजीनामा लिहून घेतला आणि पाच-सात वर्षांनी निकाल विरुद्ध गेला, तर मधल्या सगळ्या काळाचा पगार अंगावर येऊ शकतो. बेकायदा काढलेल्याला मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं आहे. तुमची देणी थकतात हे खरं दुःख आहे, त्यासाठी लघुउद्योगांच्या कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आहे. तिथं तुम्ही भांडा. कामगाराच्या फंडातून ती तूट भरू नका.

छोटा_उद्योजक | 14 ऑक्टोबर 2025

बरोबर. मोठ्या कंपनीवर केस घातली तर पुढची ऑर्डर येणार नाही, ही आमची भीती. म्हणजे आमचीही गत ह्या परिचारिका ताईंसारखीच.

निपाणीची_लेक | 15 ऑक्टोबर 2025

आमच्या आईनं आयुष्यभर बिड्या वळल्या. ठेकेदार पानं कमी द्यायचा, तंबाखू कमी द्यायचा आणि हजार पुरे मागायचा. वर छाट. चांगल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला काढायचा आणि त्याच नंतर विकायचा. आई बोलली की आठवडाभर माल बंद. घरी बसून काम करणारी म्हणजे कामगारच नाही असं त्याचं म्हणणं. आईकडे लॉगबुक (कामाची नोंदवही) होतं म्हणून पुढं फंड मिळाला, शेजारणीकडे नव्हतं, तिला काही मिळालं नाही.

काळा_कोट | 15 ऑक्टोबर 2025

तुमच्या आईंचा अनुभव वाचून फार वाईट वाटलं. 1966 च्या बिडी कायद्यानं घरखात्यातल्या बाईलाही कामगार मानलं आहे, आणि घरी वळणाऱ्यांना फंड लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच ठरवलं. हे हक्क निपाणीच्या बायकांनी संघटना बांधून, वखारींसमोर बसून प्रत्यक्षात आणले. कायदा आधीपासून पुस्तकात होताच. ज्यांच्याकडे अजून लॉगबुक असेल त्यांनी ते कुणालाही मूळ देऊ नये, फोटो काढून ठेवावेत.

शिनोळी_शिफ्ट | 16 ऑक्टोबर 2025

राहतो बेळगावात, काम शिनोळीच्या एमआयडीसीत. सकाळी सीमा ओलांडायची, रात्री परत. मला काढलंय. बेळगावच्या लेबर ऑफिसात गेलो तर म्हणाले महाराष्ट्रात जा.

काळा_कोट | 16 ऑक्टोबर 2025

त्यांनी बरोबर सांगितलं. राहायचं घर कुठं याला महत्त्व नाही, काम कुठं होतं आणि कुठून काढलं ते बघतात. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. निपाणीहून कागलला जाणाऱ्यांनाही तेच, आणि खानापूरहून गोव्यात गेलेल्या पोरांना गोव्याचं कामगार खातं.

तुम्हाला एक घाई करायला हवी. महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार करता येते, पण 90 दिवसांत. कर्नाटकात असा कायदा नाही. आपल्याकडे 1988 च्या राज्य दुरुस्तीनं काढल्यापासून सहा महिन्यांत थेट कामगार न्यायालयात जाता येतं, नाहीतर समेट अधिकाऱ्याकडून. तीन महिने इकडे हेलपाटे घालण्यात गेले तर तिकडची मुदत संपते, आणि सीमाभागातल्या माणसाचं हे नुकसान वारंवार होतं. पुढं उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तुमच्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्टपासून सुरू झालंय, मुंबई गाठायला नको. आमच्यासाठी धारवाड.

शहापूरकर | 16 ऑक्टोबर 2025

अर्ज मराठीत दिला तर घेतात का? माझ्या भावाला कन्नडमध्ये लिहून आण म्हणून परत पाठवलं. त्याला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

काळा_कोट | 16 ऑक्टोबर 2025

घटनेचं कलम 350 वाचा. आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीतला अर्ज नाकारता येत नाही. हातात घेत नसतील तर पोस्टानं पाठवा. पण माझ्या पक्षकाराला महिन्याभरात समेटाची तारीख मिळावी असं मला वाटतं, म्हणून मी मूळ अर्ज त्याच्या शब्दांत मराठीत ठेवतो आणि सोबत कन्नड प्रत जोडतो. इथल्या कामगाराची दुखणी भाषेवर वाटली जात नाहीत. माझ्याकडच्या बऱ्याच प्रकरणांत मराठी कामगाराची साक्ष द्यायला कन्नड सहकारीच पुढं आला आहे, आणि उलटंही.

टिळकवाडी | 17 ऑक्टोबर 2025

वकिलाची फी? एकानं भावाकडे मिळणाऱ्या रकमेतले तीस टक्के मागितले.

काळा_कोट | 17 ऑक्टोबर 2025

निकालाच्या रकमेत वाटा मागणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तसा कागद लिहून देऊ नका. औद्योगिक कामगाराला, कुठल्याही बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 ला फोन करा. आणि समेट अधिकाऱ्यासमोर तर वकिलाला उभंच राहता येत नाही, तिथं तुम्ही स्वतः किंवा युनियनचा पदाधिकारी. त्या टप्प्याची मोठी फी कुणी मागत असेल तर कशासाठी ते विचारा.

रात्रपाळी | 9 नोव्हेंबर 2025

दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ईमेल केला. वही लिहितेय. कामगार खात्यात अर्ज दिला, समेटाची नोटीस दवाखान्याला गेली. मेट्रन आता बोलत नाहीत, खरं माझ्या दोन मैत्रिणींनीही चार्टवर सही करायचं थांबवलंय. एकीनं विचारलं, तुझ्या ईमेलमध्ये काय लिहिलंस ते मला पण दे.

काळा_कोट | 9 नोव्हेंबर 2025

ताई, तुमचा फार अभिमान वाटतो. मैत्रिणींना ईमेल उतरवून देऊ नका. त्यांनी स्वतः पाहिलं तेवढंच, स्वतःच्या शब्दांत लिहावं. तिन्ही पत्रं एकसारखी निघाली तर शिकवून लिहिलीत असा आरोप होतो.

काळा_कोट | 14 डिसेंबर 2025

धागा वर काढतोय, कारण 21 नोव्हेंबरपासून केंद्राच्या चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यात विलीन झाले. वर मी जुन्या कायद्यांची कलमं दिली आहेत, ती वाचताना हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात आधी मुदत. काढून टाकल्याचा वाद न्यायाधिकरणात नेण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यापासून 45 दिवस झाले की थेट जाता येतं. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा, राजीनामा असो वा बडतर्फी. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. नेमणूकपत्र सगळ्यांना देणं बंधनकारक, आणि मला यातच सगळ्यात जास्त आशा आहे: ज्याच्याकडे आजवर एक कागद नव्हता त्यानं आता तो लेखी मागावा. सुपरवायझरचा पगार 18,000 पर्यंत असेल तर तोही कामगार. कार्यवाही चालू असताना न काढण्याचं संरक्षण नव्या संहितेतही आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्यासाठी वेगळं संरक्षण मात्र यातही घातलेलं नाही, आणि ते मागण्यासाठी युनियननी, वकिलांनी, आपल्या खासदारांना गाठायलाच हवं.

उद्यमबाग_मोल्डर | 14 डिसेंबर 2025

सर, फंड ऑफिसची नोटीस आली, कंपनीला रेकॉर्ड घेऊन बोलावलेत. आमच्या शॉपमधले आणि सहाजण अर्ज द्यायला तयार आहेत. पंचिंग मशीनचे फोटो आहेत माझ्याकडे, दोन वर्षांचे. प्रिंट काढून सोमवारी घेऊन येऊ काय?

काळा_कोट | 14 डिसेंबर 2025

या. नुसते प्रिंट नको, ज्या फोननं फोटो काढलेत तो मूळ फोन घेऊन या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते पुराव्यात घेत नाहीत. फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका. सहाही जणांना पगारचिठ्ठ्या आणि फंडाची पासबुकं घेऊन यायला सांगा, प्रत्येकाचा अर्ज वेगळा करू.